भाकिताचा बाजार आणि नोंदीचा धोका : शोशाना झुबॉफ यांच्या ग्रंथाचे चिकित्सक परीक्षण

प्रास्ताविक

आंतरजालावर वावरणाऱ्या व्यक्तीच्या हालचालींची नोंद ठेवली जाते आणि त्या नोंदीच्या आधारे तिला व्यक्तिगत जाहिराती दाखविल्या जातात, ही गोष्ट आता कोणालाही नवी राहिलेली नाही. नवी राहिलेली नाही म्हणूनच तिच्याविषयी विचार करणे अवघड झाले आहे. अंगवळणी पडलेल्या व्यवहाराला नाव देऊन तो पुन्हा विचाराच्या कक्षेत आणणे हे सामाजिक शास्त्रांचे एक महत्त्वाचे कार्य होय. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या निवृत्त प्राध्यापिका शोशाना झुबॉफ यांनी 'द एज ऑफ सर्व्हेलन्स कॅपिटॅलिझम' या ग्रंथात हे कार्य केले. जानेवारी २०१९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ सुमारे सातशे पृष्ठांचा आहे. 'सर्व्हेलन्स कॅपिटॅलिझम', म्हणजे आपण ज्याला पाळत-भांडवलशाही म्हणू, हा शब्दप्रयोग केवळ त्यांचाच आहे असे नाही. २०१४ साली जॉन बेलामी फॉस्टर आणि रॉबर्ट मॅकचेस्नी यांनी 'मंथली रिव्ह्यू' या नियतकालिकात तो वापरला होता. तथापि त्याला सिद्धान्ताचे रूप लाभले आणि सर्वदूर प्रसार मिळाला तो झुबॉफ यांच्यामुळेच.

वाणिज्य, माध्यमविद्या, समाजशास्त्र, राज्यशास्त्र अशा विविध विभागांतील चर्चासत्रांत या ग्रंथाचा हवाला आता दिला जातो. बहुतेक वेळा तो प्रमाण म्हणून दिला जातो, तपासून पाहण्याचा विषय म्हणून नव्हे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाच्या मध्यवर्ती प्रतिपादनाचा परामर्श घेतला आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, कंपन्यांवर आरोपपत्र ठेवताना झुबॉफ यांनी कंपन्यांची स्वतःविषयीची बढाई खरी मानली आहे. परिणामी, वापरकर्त्याच्या खासगीपणाची हानी नेमकी कोठे होते, याविषयी वाचकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे.

ग्रंथाची मांडणी

ग्रंथाच्या आरंभी झुबॉफ २००० सालच्या एका प्रयोगाची आठवण करून देतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी रहिवाशांच्या हालचाली जाणून घेणाऱ्या 'अवेअर होम' या घराची कल्पना मांडली होती. त्या घरात गोळा होणारी माहिती त्या घरात राहणाऱ्यांचीच असेल, हे संशोधकांनी गृहीतच धरले होते. पुढे दीड दशकात परिस्थिती किती पालटली, हे दाखविण्यासाठी लेखिका गुगलने २०१४ साली विकत घेतलेल्या नेस्ट कंपनीच्या तापमान-नियंत्रकाकडे वळतात. लंडनमधील दोन विधिज्ञ अभ्यासकांच्या विश्लेषणाचा आधार घेऊन त्या सांगतात की, या एका उपकरणाशी व त्याच्याशी जोडलेल्या अन्य उपकरणांशी निगडित अटी समजून घ्यावयाच्या तर ग्राहकाला सुमारे एक हजार करारपत्रे वाचावी लागतील. 'संमती' या शब्दाचा यापेक्षा मोठा उपहास शोधून सापडणार नाही.

या स्थित्यंतराचा उगम झुबॉफ गुगलच्या सुरुवातीच्या इतिहासात शोधतात. कंपनीचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ सालच्या आपल्या शोधनिबंधात, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल, अशी शंका स्वतःच नोंदविली होती. २००० साली अमेरिकेतील आंतरजाल कंपन्यांचा फुगा फुटला, गुंतवणूकदारांचा तगादा वाढला आणि ही शंका बाजूला पडली. वापरकर्ते काय शोधतात, कोठे थांबतात, कशावर टिचकी मारतात, यांच्या नोंदी संगणकात आपोआप साठत होत्याच. शोधसेवा सुधारण्यासाठी लागणाऱ्या नोंदींहून जे अधिक उरले, त्याला झुबॉफ 'बिहेव्हिअरल सर्प्लस' म्हणतात. मार्क्सच्या मराठी अनुवादांनी रूढ केलेल्या 'वरकड मूल्या'च्या धर्तीवर याला 'वर्तनाचा वरकड' म्हणता येईल. या वरकडापासून वापरकर्त्याच्या भावी वर्तनाची भाकिते तयार करावयाची आणि ती जाहिरातदारांना विकावयाची, हा नवा व्यवसाय होय. २००१ साली ८.६ कोटी डॉलर असलेले गुगलचे उत्पन्न २००४ साली ३२० कोटी डॉलरवर गेले.

या विवेचनातील एक प्रसंग वर्गात सांगण्याजोगा आहे. एप्रिल २००२ मध्ये गुगलच्या कर्मचाऱ्यांना एक चमत्कारिक प्रश्न शोधयादीत एकाएकी वर चढलेला दिसला. १९६९ ते १९७४ या काळात अमेरिकेत गाजलेल्या 'द ब्रेडी बंच' या दूरचित्रवाणी मालिकेतील कॅरल ब्रेडी या पात्राचे माहेरचे आडनाव लोक शोधत होते. हा शोध पाच वेळा उसळला होता आणि प्रत्येक उसळी तासाच्या अठ्ठेचाळिसाव्या मिनिटानंतर आली होती. उलगडा सोपा होता. 'हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर' या कार्यक्रमात तो प्रश्न विचारला गेला होता आणि एकेका कालविभागात कार्यक्रम जसजसा दिसत गेला तसतशी शोधाची लाट येत गेली. 'कौन बनेगा करोडपती' हा याच कार्यक्रमाचा भारतीय अवतार असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना हे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येते. समाजाच्या मनात या क्षणी काय चालले आहे, हे इतर कोणाहीआधी एका कंपनीला दिसू लागले होते.

ग्रंथाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे अपरिहार्यतेच्या युक्तिवादाचे खंडन. पाळत ही तंत्रज्ञानाची मागणी नसून नफ्याच्या एका विशिष्ट रचनेची मागणी आहे, हे झुबॉफ ठामपणे दाखवितात. तंत्राचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी 'कुकी'ची योजना केली. संकेतस्थळाला आपला पाहुणा आठवावा, त्याच्या खरेदीच्या टोपलीत काय आहे हे लक्षात राहावे, असा साधा हेतू त्यामागे होता. त्याच कुकीचा वापर करून त्रयस्थ जाहिरात-कंपन्या हजारो संकेतस्थळांवर एकाच व्यक्तीचा माग काढू लागल्या, हा पुढील काळातील व्यापारी निर्णय होता. तो फिरविणेही अशक्य नव्हते. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्या त्रयस्थ कुकींना मूळ मांडणीतच अटकाव केला आणि सफारीने २०२० मध्ये सर्वच त्रयस्थ कुकी रोखल्या. गुगलने मात्र जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्या दोन वर्षांत हटविण्याचे जाहीर करून, वारंवार मुदत वाढवून, जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. ज्या कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर उभे आहे तिनेच माघार घ्यावी, यातून झुबॉफ यांच्या निदानाला पुष्टी मिळते.

भाकिताची बढाई

येथवर सहमती. मतभेद सुरू होतो तो ग्रंथाच्या उत्तरार्धात. झुबॉफ यांच्या मते कंपन्या भाकितावर थांबत नाहीत. भाकित खरे ठरावे म्हणून त्या वर्तनालाच वळण लावतात आणि माणसाच्या इच्छास्वातंत्र्यावर घाला घालतात. बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनवादाचे स्वप्न सिलिकॉन व्हॅलीने प्रत्यक्षात आणले, असा हा युक्तिवाद आहे. त्यासाठी पोकेमॉन गो या खेळाचे उदाहरण येते. त्यात खेळाडूंची पावले पैसे मोजणाऱ्या दुकानांकडे वळविली जात. त्याचप्रमाणे फेसबुकचा भावनाविषयक प्रयोग येतो आणि येथेच पुराव्याची तपासणी आवश्यक ठरते.

हा प्रयोग २०१२ साली ६,८९,००३ वापरकर्त्यांवर त्यांना न सांगता करण्यात आला आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काहींच्या पडद्यावरील आनंदी मजकूर कमी केला गेला, काहींच्या पडद्यावरील दुःखी मजकूर. नैतिक दृष्ट्या हा प्रयोग निंद्य होता, याविषयी दुमत नाही. परंतु त्याचे फलित काय? आनंदी मजकूर कमी दिसलेल्यांच्या स्वतःच्या लेखनातील आनंददर्शक शब्दांचे प्रमाण सुमारे ०.१ टक्क्याने घटले, म्हणजे हजार शब्दांमागे एक शब्द. मनाचा ताबा घेणाऱ्या सत्तेचा पुरावा म्हणून ही संख्या फारच दुबळी आहे. झुबॉफ यांनी प्रयोगामागील उद्दामपणावर भर दिला तो योग्यच. मात्र परिणामाच्या अल्पत्वाला त्यांच्या मांडणीत जे स्थान मिळावयास हवे होते ते मिळालेले नाही.

जाहिरातींच्या परिणामकारकतेविषयीचे अन्य संशोधनही सावधगिरीच सुचविते. ईबे कंपनीतील प्रयोगांवर आधारित, २०१५ साली 'इकॉनॉमेट्रिका'त प्रसिद्ध झालेल्या निबंधात टॉम ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टडेलिस यांनी दाखविले की, कंपनीच्या स्वतःच्या नावाशी जोडलेल्या शोध-जाहिराती बंद केल्यावरही जवळजवळ सर्व ग्राहक विनामूल्य दुव्यावरून तेथेच पोहोचत होते. जे येणारच होते त्यांना आणल्याचे श्रेय जाहिरात घेत होती. २०१९ साली मारोटा, अभिषेक आणि अक्विस्टी यांच्या अभ्यासात असे दिसले की, वापरकर्त्याची कुकी उपलब्ध असताना संकेतस्थळाच्या मालकाला जाहिरातीमागे मिळणारे उत्पन्न जेमतेम ४ टक्क्यांनी वाढते. इतक्या मोठ्या पाळतीच्या यंत्रणेतून मूळ मजकूर निर्माण करणाऱ्याच्या हाती पडते ते एवढेच.

हा आक्षेप प्रस्तुत लेखकाचाच आहे असे नाही. कोरी डॉक्टरो यांनी २०२० साली जवळपास याच दिशेने टीका केली होती. त्याआधी एव्हगेनी मोरोझॉव्ह यांनी 'द बॅफलर'मध्ये झुबॉफ यांच्या भांडवलशाहीविषयक आकलनावरच प्रश्नचिन्ह उभे केले होते. परंतु या टीकेतून कंपन्यांना सोयीचे असे एक उत्तर निघू शकते : जाहिराती तर इतक्या दुबळ्या आहेत, मग बिघडले काय? विकत घेतलेला पंखा महिनाभर पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसतो तेव्हा आपण हसतो आणि हे यंत्र मूर्खच आहे, अशी स्वतःची समजूत घालतो. झुबॉफ यांचा सिद्धान्त स्वीकारणाऱ्या वाचकाजवळ या हसण्याला उत्तर नाही, कारण त्याने हानीचे सारे ओझे भाकिताच्या अचूकपणावर टाकलेले असते. भाकित फसले की तक्रारही फसते.

नोंद : हानीचे खरे स्थान

वस्तुतः भाकित फसले तरी नोंद उरतेच. आपण एखादे पृष्ठ उघडतो तेव्हा तेथील जाहिरातीच्या रिकाम्या जागेचा लिलाव सेकंदाच्या अंशात पार पडतो. त्यासाठी पृष्ठाचा पत्ता, उपकरणाचा प्रकार, त्याचा ओळखक्रमांक आणि अनेकदा ठिकाण ही माहिती असंख्य संभाव्य बोलीदारांकडे धाडली जाते. जागा एकालाच मिळते. माहिती मात्र हरलेल्या बोलीदारांकडेही पोहोचलेली असते. तेथून पुढे ती कोठे जाते यावर प्रभावी नियंत्रण नाही. आयरिश कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेने २०२२ साली दिलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील एका व्यक्तीची माहिती अशा रीतीने दिवसाला सरासरी ७४७ वेळा आणि युरोपात ३७६ वेळा प्रसारित होते. भाजीमंडईतील लिलावात माल एकाच्याच गाडीत चढतो. या लिलावात माल सर्वांच्याच गाड्यांत चढतो आणि शिवाय मंडईतही शिल्लक राहतो.

या नोंदींनी काय घडते याची उदाहरणे भाकिताशिवायच पूर्ण होतात. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे दोन कोटी शोध खुले केले. नावे काढून केवळ क्रमांक ठेवले होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहरांनी काही दिवसांतच ४४१७७४९ या क्रमांकामागील वृद्ध महिलेचे घर शोधून काढले. तिची दुखणी, तिचे कुत्रे, तिच्या गावातील चौकशा सारे त्या यादीत होते. तिला कोणी काहीही विकू पाहत नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील एका वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरूला पदत्याग करावा लागला. समलिंगी पुरुषांसाठी असलेल्या अॅपमधून निघालेली आणि बाजारात विकत मिळणारी ठिकाणांची माहिती एका कॅथलिक वृत्तप्रकाशनाने मिळविली, एका उपकरणाचा माग त्याच्या निवासस्थानापर्यंत काढला आणि तो प्रसिद्ध केला. २०२० च्या नोव्हेंबरात असे उघड झाले की, नमाजाच्या वेळा दाखविणाऱ्या एका लोकप्रिय अॅपमधून एक्स-मोड या कंपनीकडे जाणारी ठिकाणांची माहिती पुढे अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत पोहोचत होती. या तिन्ही प्रसंगांत कोणाच्याही इच्छास्वातंत्र्यावर घाला पडला नाही, कोणाचे वर्तन घडविले गेले नाही. कोणीतरी, कधीतरी, वेगळ्याच कारणासाठी ठेवलेली एक नोंद होती आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली. खासगीपणाचा प्रश्न एवढ्यानेच उभा राहतो.

तिसरे उदाहरण ग्रंथातील आणखी एका उणिवेकडे घेऊन जाते. राज्यसंस्थेकडे झुबॉफ यांनी दुर्लक्ष केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकी सुरक्षायंत्रणांना या कंपन्यांची गरज भासली आणि त्यामुळे नियमन मागे पडले, हे त्या सविस्तर सांगतात. तथापि त्यांच्या मांडणीत राज्यसंस्था ही मुख्यत्वे कर्तव्यात चुकलेली रक्षक आहे. ती जागी झाली की लोकशाही कायद्याने बाजार आवरेल, अशी त्यांची श्रद्धा दिसते. भारतीय वाचकाला इतके निश्चिंत राहता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला, तो दावा सरकारच्या आधार योजनेच्या संदर्भातच उभा राहिला होता. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने कंपन्यांवर बंधने घातली, पण सतराव्या कलमान्वये केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभाही ठेवली. शिवाय राज्य आणि बाजार यांच्यातील भिंत आपल्याकडे फारशी जाड नाही. ह्यूमन राइट्स वॉचने मे २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी कोविडकाळात पुरस्कारलेली १६० हून अधिक शैक्षणिक साधने तपासली, तेव्हा सुमारे ८९ टक्के साधनांचे माहितीविषयक व्यवहार मुलांच्या हक्कांना बाधक अथवा धोकादायक आढळले. त्यांत आपल्या शिक्षकांनी टाळेबंदीत विद्यार्थ्यांना उघडावयास सांगितलेल्या 'दीक्षा'चाही समावेश होता.

'खासगी' कोणाचे?

झुबॉफ यांच्या ग्रंथात घर ही आश्रयाची जागा म्हणून पुन्हा पुन्हा येते. दार लावून घेता येणे, स्वतःपुरते असता येणे, ही तेथे माणूसपणाची पूर्वअट आहे. मराठीत हा विचार मांडू गेल्यास शब्दापासूनच अडचण सुरू होते. 'खासगी' हा शब्द आपल्याकडे संस्थानिकांच्या व्यवहारातून आला. होळकरांची खासगी म्हणजे दौलतीपासून वेगळे ठेवलेले राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न. ज्याच्याजवळ मालमत्ता, त्याच्याजवळ खासगी. 'गोपनीयता' म्हटले की काहीतरी लपविण्याजोगे असल्याचा संशय येतो, आणि 'एकांत' हा तर साधकांचा किंवा प्रेमिकांचा. सामान्य माणसाचा हक्क सुचविणारा सहज शब्द आपल्याजवळ नाही.

ही केवळ शब्दांची अडचण नव्हे. एका खोलीच्या घरात आणि एका सामायिक भ्रमणध्वनीवर जगणाऱ्या कुटुंबातील मुलीचा पहिला पाळतदार कॅलिफोर्नियात नसतो, तो घरातच असतो. तिने एखाद्या आजाराविषयी, वसतिगृहाविषयी किंवा आंतरजातीय विवाहाच्या नोंदणीविषयी शोध घेतला, तर त्याच विषयाची जाहिरात संध्याकाळी वडिलांच्या किंवा भावाच्या हाती असलेल्या त्याच पडद्यावर येऊ शकते. ती जाहिरात पाहून कोणी काहीही विकत घेणार नाही. जाहिरातदाराच्या हिशेबात ती वाया गेली. पण तिने चहाडी केली. पाश्चात्त्य चर्चेत 'एक उपकरण म्हणजे एक व्यक्ती' हे गृहीत असल्यामुळे व्यक्तिगत जाहिरातीचा हा परिणाम तेथे अभावानेच चर्चिला जातो. झुबॉफ यांच्या ग्रंथातही तो जाणवत नाही. या विषयावर आपल्या समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास विभागांनी क्षेत्रीय संशोधन हाती घेतल्यास ते ग्रंथाच्या अनुवादापेक्षा अधिक मोलाचे ठरेल, असे लेखकाला वाटते.

महाविद्यालयाचे स्थान

हा ग्रंथ शिकविताना अध्यापक सहसा स्वतःला पीडितांच्या बाजूला गृहीत धरतो. नोंदीच्या दृष्टीने पाहिल्यास ही सोय उरत नाही. अभिप्राय, प्रवेशपूर्व नोंदणी, सहल, चर्चासत्राचे प्रमाणपत्र, मूल्यांकनासाठीची आकडेवारी अशा प्रत्येक निमित्ताने आपण विनामूल्य ऑनलाइन प्रपत्रे भरून घेतो. त्यांत भ्रमणध्वनी क्रमांक, जन्मतारीख, जातीचा प्रवर्ग, कधी पालकांचे उत्पन्नही विचारतो. ज्या तक्त्यात ही उत्तरे साठतात त्याचा दुवा विभागाच्या गटावर फिरतो आणि काम संपल्यावर तो तक्ता पुसण्याची आठवण कोणाला होत नाही. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर बसविलेले भेटींची मोजणी करणारे साधन, समाजमाध्यमांची बटणे आणि चित्रफिती या त्रयस्थ कंपन्यांकडे वाचकाची वार्ता पोहोचवू शकतात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. एओएलच्या संशोधकांचाही नव्हता.

२०२३ च्या अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती 'मूल' ठरते. तिच्या वर्तनाचा माग घेणे आणि तिला लक्ष्य करून जाहिरात दाखविणे यांस तो मनाई करतो. तिची माहिती हाताळण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातील अकरावी-बारावीचे जवळजवळ सर्व विद्यार्थी आणि पदवीच्या पहिल्या वर्षातील काही विद्यार्थीही या व्याख्येत बसतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कार्य आणि विद्यार्थ्यांची सुरक्षितता एवढ्यापुरती मर्यादित सूट दिली आहे. प्रमुख बंधने अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याची योजना आहे. संमतीची विनंती आणि तिच्यासोबतची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय संबंधित व्यक्तीला मिळाला पाहिजे, असेही अधिनियम सांगतो. त्या भाषांत मराठी आहे. अकरावीच्या विद्यार्थ्याच्या आईला, आपण कोणती माहिती घेतो, कोठे ठेवतो, केव्हा पुसतो, हे कळेल अशा मराठीत लिहिलेले एक पान तयार करावे लागेल. ते काम संगणक विभागाकडे जाईल की मराठी विभागाकडे, हे ठरण्यापूर्वी त्यातील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विभागाला आपापल्या तक्त्यांत शोधावे लागणार आहे.